वेदनेचे साधारणीकरण

मुलीच्या नोकरीच्या निमित्ताने आम्ही उभयता अलीकडे वर्षातील काही महिने अंबत्तूरला असतो. येथे १९६४ साली औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि २०११ साली गाव चेन्नई महापालिकेत विलीन झाले. तरी पहाटे तळ्याच्या बाजूने चालताना जुने गाव अजून भेटते. अशाच एका पहाटे पत्नी पाय घसरून पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल दिले जात होते. शेजारच्या खाटेवरील वृद्धा त्याच औषधाने शांत झोपे; पत्नी मात्र रात्रभर कण्हत राही. परिचारिका येऊन विचारी, 'वलि इरुक्का?' वलि म्हणजे वेदना. पत्नी आपल्या दोन-चार तमिळ शब्दांच्या पुंजीतून उत्तर देई, 'इरुक्कु.' आहे. तिसऱ्या रात्री मी म्हणालो, 'अगं, थोडं मन घट्ट कर. त्या बाईंना याच औषधाने आराम पडतो ना?' बऱ्याच वेळाने ती म्हणाली, 'अहो, दाढ काढली तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात.'

दुसऱ्या दिवशी एका तरुण भूलतज्ज्ञाने तिला विचारले, पूर्वी कधी असे झाले होते का? तिने तीस वर्षांपूर्वीची दाढ आणि तेव्हाची कोडीनची गोळी सांगितली. मग त्यांनी जे समजावले, ते मी वहीत टिपून घेतले. कोडीन हे स्वतः फारसे वेदनाशामक नव्हे. यकृतातील सीवायपी२डी६ नावाचे विकर त्याच्या काही अंशाचे मॉर्फिन करते, तेव्हा ते गुण दाखवते. ट्रॅमाडॉलचेही बरेचसे सामर्थ्य याच विकराने घडवलेल्या द्रव्यात असते. या विकराचा जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर असतो. आईकडून व वडिलांकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रती निष्क्रिय असल्या, तर गोळी पोटात जाते आणि वेदना जागच्या जागी राहते. उलट काहींजवळ सक्रिय प्रती अधिक असतात. त्यांच्या देहात मॉर्फिन झपाट्याने साठते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुले अशा कारणाने दगावली, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली त्याविरुद्ध कडक इशारा दिला. आमच्यापासून फार दूर नसलेल्या पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेत तमिळ लोकांमधील या जनुकाच्या रूपांचा अभ्यासही झाला आहे.

औषध बदलले; या विकरावर अवलंबून नसलेल्या मॉर्फिनचीच अल्प मात्रा दिली गेली. त्या रात्री ती झोपली. जनुकाची चाचणी झाली नाही; त्यामुळे कारण तेच होते, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

मला अस्वस्थ करते ते वेगळेच. आयुष्यभर मी भट्टनायक आणि अभिनवगुप्त शिकवले. रंगमंचावरचा शोक देशकालाच्या व व्यक्तीच्या मर्यादा ओलांडतो आणि प्रत्येक सहृदयाचा होतो, हे साधारणीकरण. पण तो शोक सर्वांचा होऊ शकतो, कारण तो कोणा एकाचा उरलेला नसतो. खाटेवरची वेदना तशी नसते. नाट्यगृहातील सिद्धांत मी रुग्णशय्येवर नेला, आणि शेजारणीच्या झोपेला पत्नीच्या वेदनेचे मोजमाप ठरवले. सहृदयतेवर व्याख्याने देणाऱ्या माणसाकडून हे घडले.

याच तमिळ भूमीत, तंजावरला, एका मराठी राजाने दोनशे वर्षांपूर्वी वेगळी दृष्टी दाखवली होती. सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी व त्यांच्या डोळ्यांची चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. डोळ्यांचा विकार असे सरसकट न लिहिता, या माणसाचा हा डोळा, अशी ती नोंद आहे. तिचा उल्लेख मी वर्गात अनेकदा केला. पण इतिहासाचा दाखला म्हणूनच.

घरी आल्यावर मी पत्नीला दाढेच्या त्या रात्रीविषयी विचारले. ती म्हणाली, 'तेव्हा विचारायला हवं होतं.' यावर मला उत्तर नव्हते. तिच्या कागदपत्रांच्या पहिल्या पानावर त्या दोन औषधांची नावे मी ठळक अक्षरांत लिहून ठेवली आहेत, आणि खाली एक ओळ: रुग्ण सांगते ते ऐकावे.