चिठ्ठी तीच, पोस्टमन नवा

जुन्या घरातून फ्लॅटमध्ये जायचं ठरलं की प्रत्येक कुटुंबात एक हायकमांड तयार होते. आमच्या शाहूपुरीतल्या घरात ती काकू. चौथ्या गल्लीतलं घर, तीन पिढ्यांचं, आता रीडेव्हलपमेंटला गेलेलं. सामान हलवायला हातात दोन महिने आणि काकूचा नियम एका ओळीचा : चालू असेल ते न्यायचं, बंद असेल ते भंगारात. या नियमाखाली दोन मिक्सर, एक टेप डेक आणि आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ बिनबोभाट रवाना झाले. गाडी अडली ती एकाच वस्तूपाशी. काकांचा रेडिओ कंट्रोल ट्रान्समीटर!

हा प्रकार पाहिला नसेल तर सांगते. जेवणाच्या डब्याएवढा काळा खोका, त्यावर दोन दांड्या, म्हणजे स्टिक्स, आणि ओढली की मीटरभर लांब होणारी एरियल. फुटाबा कंपनीचा चार चॅनलचा सेट. काकांच्या मित्रानं नव्वदच्या दशकात अमेरिकेहून आणलेला. दिवसभर शिरोलीच्या फाउंड्रीत काम करायचं आणि रविवारी सकाळी माळावर जाऊन बाल्सा लाकडाची विमानं उडवायची, हा काकांचा तेव्हाचा फंडा.

‘‘बंद आहे हो ते,’’ काकू म्हणाली.

‘‘बंद न्हाई. सेल घाल आन् बघ काटा हलतोय का न्हाई,’’ काका म्हणाले.

सेल घातले. काटा हलला! पण विमान कुठाय? त्यातल्या रिसीव्हरचं क्रिस्टल कुठाय? आणि या फ्रिक्वेन्सीवर आता उडवतंय कोण? म्हणजे वस्तू चालू, पण उपयोग शून्य. काकूच्या नियमात या केससाठी कलमच नव्हतं. ‘तू पत्रकार ना, मग काढ माहिती,’ असं म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. फ्रीलान्स माणूस घरच्यांच्या मते कायम रिकामाच असतो, असो.

माहिती काढताना पहिल्यांदा कळलं की काकांनी विमान उडवणं सोडलं ते वयामुळे नाही. २००३ मध्ये एका रविवारी त्यांचं नवं कोरं विमान, चार महिने रात्री जागून बनवलेलं, आकाशात सरळ जाता जाता अचानक उजवीकडे कलंडलं आणि नाक खाली करून जमिनीत घुसलं. दोन सेकंदांचा खेळ. ‘रेडिओ लागला असेल,’ असं कोणी म्हणालं, ‘हात घसरला असेल,’ असंही कोणी म्हणालं. काकांना आजही माहीत नाही. त्यानंतर सेट जो माळ्यावर गेला तो गेलाच. वीस-बावीस वर्षं हा माणूस स्वतःच्या बोटांवर संशय घेत बसलाय, हे आम्हा घरातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

तो संशय समजून घ्यायचा तर जुन्या रेडिओची भानगड कळायला हवी. काकांचा सेट ७२ मेगाहर्ट्‌झचा. अमेरिकेत मॉडेल विमानांसाठी या पट्ट्यात पन्नास चॅनल ठेवलेले, नंबर ११ ते ६०. ट्रान्समीटरमध्ये एका चॅनलचं क्रिस्टल आणि विमानातल्या रिसीव्हरमध्ये त्याच नंबरचं दुसरं. रिसीव्हरला बाकी अक्कल नाही. त्या चॅनलवर जो बोलेल त्याचं तो ऐकणार. आता माळावर दुसऱ्या कोणी त्याच नंबरचा सेट नुसता ऑन केला तरी तुमचं विमान गोंधळणार, आणि हवेतलं विमान गोंधळलं की त्याला एकच रस्ता उरतो, खालचा.

म्हणून जगभर मॉडेलवाल्यांनी एक साधी युक्ती काढली होती. मैदानावर एक फळी आणि त्यावर प्रत्येक चॅनलचा एक चिमटा, आपण दोरीवर कपडे वाळत घालतो तसला. ज्याच्या हातात चिमटा त्यानंच सेट ऑन करायचा. सगळी सिस्टिम माणसाच्या शिस्तीवर चाललेली. कोणी विसरलं, कोणी ‘जरा चेक करतो’ म्हणून पलीकडच्या झाडाखाली बटण दाबलं, की संपलं. आणि गंमत म्हणजे पडलेल्या विमानावर काहीच पुरावा राहायचा नाही. रेडिओ की हात, हा प्रश्न कायमचा हवेत.

नव्या सेटमध्ये हे टेन्शन जवळपास संपलंय. २.४ गिगाहर्ट्‌झ हा तोच पट्टा, ज्यावर तुमच्या ऑफिसातला वाय-फाय आणि कानातला ब्लूटूथ चालतो. भारतात जानेवारी २००५ मध्ये कमी ताकदीच्या उपकरणांसाठी तो परवानामुक्त झाला. त्याच सुमारास मॉडेल विमानांचे २.४ चे सेट बाजारात यायला लागले आणि बघता बघता क्रिस्टलचा जमाना गेला. इथे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांचं आधी लग्न लावतात. त्याला म्हणतात ‘बाइंड’ करणं. रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरचा ओळख क्रमांक लक्षात ठेवतो आणि बाकी कोणाचंही ऐकत नाही. शिवाय बहुतेक सिस्टिम एका जागी थांबतच नाहीत, सेकंदाला कितीतरी वेळा फ्रिक्वेन्सी बदलत उड्या मारतात. एका जागी गर्दी असली तर पुढच्या उडीत मोकळी जागा मिळते.

या उड्यांमागे एक फिल्मी कनेक्शन आहे. हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये एक पेटंट मिळालं होतं. कशाचं? रेडिओनं चालवलेल्या टॉर्पेडोचा सिग्नल शत्रूला अडवता येऊ नये म्हणून फ्रिक्वेन्सी सतत बदलत ठेवायची! पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ फ्रिक्वेन्सी, आणि दोन्हीकडे एकाच तालात फिरणाऱ्या भोकाभोकांच्या कागदी पट्ट्या. म्हणजे मुळात तो रिमोट कंट्रोलचाच प्रॉब्लेम होता. हे सांगितल्यावर काकांना त्या नव्या फ्रिक्वेन्सीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. सिनेमावाल्यांवर कोल्हापूरकरांचा विश्वास जरा जास्तच!

मग नवा सेटच का नाही घ्यायचा? माझ्या चुलतभावाच्या मुलाकडे ड्रोनसाठी घेतलेला २.४ चा सेट आहेच. काकांनी तो हातात घेतला, दोन मिनिटं स्टिक्स हलवल्या आणि खाली ठेवला. ‘‘पोकळ लागतंय,’’ एवढंच बोलले. नातू नुसत्या अंगठ्यांनी उडवतो, काका अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्टिक धरतात. त्यांच्या सेटच्या स्प्रिंगा कडक, स्टिक्स लांब. बोटांना किती दाबलं की विमान किती वळतं याचा हिशोब त्या स्प्रिंगांशी जुळलेला. ज्या हातांवर आधीच संशय आहे त्यांना अनोळखी खोका देण्यात काय अर्थ?

आणि इथेच मला या सगळ्यातली सर्वांत कूल गोष्ट कळली. जुन्या सेटमध्ये जुनं झालेलं असतं ते फक्त शेवटचं टोक. तुम्ही स्टिक हलवता तेव्हा आतलं सर्किट तिची जागा वेळेत बदलतं. मधोमध असेल तर साधारण दीड मिलिसेकंदाचा इशारा, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दोन. चारही चॅनलचे इशारे ओळीनं लावून सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा पाठवायचे. याला म्हणतात पीपीएम. ही झाली चिठ्ठी. ती हवेतून पोचवणारा ७२ मेगाहर्ट्‌झचा भाग म्हणजे पोस्टमन. पोस्टमन रिटायर झाला म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्याला कोणी भंगारात काढतं का? त्याच चिठ्ठ्या नव्या पोस्टमनच्या हातात द्यायच्या. फ्रस्कायसारख्या कंपन्यांची मॉड्यूलं नेमक्या याच कामासाठी लोकप्रिय झाली. काही जुन्या सेटमध्ये तर रेडिओचा भाग पाठीमागून कॅसेटसारखा निघतो, नवा लावला की काम झालं. काकांच्या सेटमध्ये तसं नव्हतं. तो उघडायला लागणार होता.

मेस्त्री सापडले उद्यमनगरात. हे कोल्हापूरचं वेगळंच रसायन आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, पण या गावाचा दुसरा धंदा म्हणजे परदेशी मशीन उघडून बघणं. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं मूव्ही कॅमेरा इथेच बनवला, विकत घेतला नाही. १९२० च्या ‘सैरंध्री’मागे ती जिद्द होती. अशा गावात एक ट्रान्समीटर उघडायचा म्हणजे हाय काय नि नाय काय!

मेस्त्रींनी आधी बॅटरी काढली, मग पाठीमागचं सहा पिनांचं गोल ट्रेनर सॉकेट शोधलं. शिकाऊ आणि गुरू यांचे दोन सेट वायरनं जोडता यावेत म्हणून ते दिलेलं असतं आणि तिथे ती चिठ्ठी, म्हणजे पीपीएम, आयती मिळते. तिथून सिग्नलची एक वायर, एक ग्राउंड आणि स्विचच्या पुढून मॉड्यूलला करंट. बस, तीन वायरी. जुन्या रेडिओ भागाचा करंट मात्र तोडायचा, कारण एरियल नसताना तो चालू राहिला तर जळू शकतो आणि विनाकारण बॅटरीही खातो. जुन्या निकेल-कॅडमियम सेलनी राम म्हटला होता, तिथे निकेल-मेटल हायड्राइडचे आठ सेल आले. बाइंडचं बटण आणि छोटा एलईडी यांच्यासाठी दोन भोकं पाडली.

अडचण आली एरियलपाशी. काका ती काढू देईनात. ‘‘एरियल न्हाई तर सेट कसला?’’ मेस्त्रींनी पाठीमागच्या कॅलेंडरवर हिशोब मांडला. ७२ मेगाहर्ट्‌झची लाट चार मीटरहून जरा लांब, तिचा पाव भाग म्हणजे मीटरभर, म्हणून ती लांबलचक दांडी. २.४ गिगाहर्ट्‌झची लाट साडेबारा सेंटिमीटरची, तिचा पाव भाग जेमतेम तीन सेंटिमीटर. काकांनी आकडे दोनदा तपासले. आयुष्यभर मापात काम केलेला माणूस मापापुढे वाद घालत नाही. त्यांनी स्वतःच स्क्रू फिरवला आणि त्या भोकात बोटाएवढी नवी एरियल बसली.

तुमच्या माळ्यावरही असा सेट असेल तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. नुसता ट्रान्समीटर बदलून भागत नाही, विमानातला रिसीव्हरही त्याच कंपनीच्या त्याच पद्धतीचा लागतो. सेटमध्ये पीपीएम आणि पीसीएम असे दोन पर्याय असतील तर पीपीएम ठेवा. फेलसेफ लावा, म्हणजे सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद. चाचणी करताना पंखा काढून ठेवा आणि मग कमी ताकदीवर तीस पावलं लांब जाऊन रेंज तपासा. आणि हो, पैसे वाचतील म्हणून करू नका. नवा साधा सेट काही हजारांत मिळतो. मॉड्यूल, रिसीव्हर, सेल आणि मजुरी धरून आमची बचत फारशी झालीच नाही.

पुढचे तीन आठवडे काका लॅपटॉपवर सिम्युलेटर खेळत होते. त्याच ट्रेनर सॉकेटमधून यूएसबी केबल. नातू शेजारी बसून त्यांना ‘आजोबा, रडर! रडर!’ करून ओरडायचा. आजोबांनी दिवसात सतरा विमानं पाडली. खरं विमान मात्र नातवानं निवडलं, फोमचं, बॅटरीवर चालणारं.

उडवायचं कुठे हाही प्रश्नच. उजळाईवाडीचा विमानतळ शाहूपुरीपासून फार लांब नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवायचं नाही, आठ ते बारामध्ये हिरव्या झोनला दोनशे फुटांची मर्यादा, त्यापुढे चारशे. म्हणून डिजिटल स्कायचा नकाशा बघून आम्ही गारगोटीच्या दिशेला एका नातेवाइकांच्या माळावर गेलो. शेजारच्या शेतात ऊस तोडणी चाललेली. नातवानं सवयीनं स्वतःचा ड्रोनचा सेट ऑन केला आणि काका दचकून ओरडले, ‘‘बंद कर आधी!’’ मग स्वतःच थांबले. विमान जागचं हललंही नव्हतं. त्या सेटचं त्याला ऐकूच जात नव्हतं.

काका बराच वेळ विमानाकडे बघत उभे होते. मला वाटलं, खूश असतील. ते हळूच म्हणाले, ‘‘म्हंजे आता पडलं तर माझ्यामुळंच.’’ जुन्या रेडिओनं त्यांच्यावर संशय टाकला होता खरा, पण एक पळवाटही ठेवली होती. ती आता बंद झाली होती. सेट खाली ठेवून परत गाडीत बसले असते तर आम्ही कोणी काही बोललो नसतो.

त्यांनी स्टिक चिमटीत धरली आणि पुढे ढकलली. विमान वर गेलं. उसाच्या कडेनं एक गोल, मग दुसरा, तिसरा. बोटं आधी थरथरत होती, तिसऱ्या गोलाला थांबली. साडेचार मिनिटं. उतरताना मात्र जरा घाई झाली, विमान आपटलं, पुढचं चाक वाकलं आणि पंखा तुटला. नातू धावला. मी काकांकडे बघायचं टाळलं.

‘‘लवकर ओढली मी स्टिक,’’ काका म्हणाले. आवाजात वाईट वाटल्याचा मागमूस नव्हता. ‘‘दुसरा पंखा आणलायस का रे?’’