समुद्रातलं कासव आणि आपल्या गंगेची वाळू

पोस्ट जरा मोठी आहे, पण गंगाखेडकरांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

डिसेंबरात घरच्यांना घेऊन मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करतात. लाइफ जॅकेट घालायचं, डोळ्यांवर काच, तोंडात नळी आणि तोंड पाण्यात बुडवून तरंगायचं. नाकानं श्वास घ्यायचा नाही, एवढं जमलं की झालं. मी गंगेच्या डोहात पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस. तरी पहिल्यांदा खारं पाणी नाकात गेलंच.

थोड्या वेळानं सोबतच्या पोरानं खांद्याला हात लावून खाली बोट दाखवलं. कासव! परातीएवढं. खडकावरचं शेवाळ खात होतं. मग वर आलं, श्वास घेतला आणि निवांत निघून गेलं. मी नकळत हात पुढं केला, तर पोरगा म्हणाला, "काका, हात नाही लावायचा. नुसतं बघा."

खरं सांगू का, देवळात शिरताना दगडाच्या कासवाला हात लावून कपाळाला लावायची सवय. जिवंत कासवाला हात न लावता बघायचं असतं, हे पन्नाशीत कळलं.

त्याच पोरानं वेळासबद्दल सांगितलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं छोटं गाव. तिथं किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, एका घरट्यात साधारण शंभर. पूर्वी ती अंडी चोरीला जायची. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावातल्याच घरांत राहतात, जेवतात. गावाला चार पैसे मिळतात. पण या सगळ्याच्या मुळाशी काय आहे? वाळू. वाळूच्या उबेवर अंडी उबतात. वाळू किती तापली यावर पिल्लू नर की मादी हेसुद्धा ठरतं.

हे ऐकलं आणि मला आपली गंगा आठवली.

आपल्या गोदावरीत पण कासवं आहेत, मऊ पाठीची. लहानपणी आम्ही खडकावर ऊन खात बसलेली बघायचो, चाहूल लागली की डुबुक! त्यातली लेथचं कासव नावाची जात फक्त आपल्या दख्खनच्या बाजूच्या नद्यांतच सापडते, जगात दुसरीकडं कुठंच नाही. आज ती अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. ही कासवं पण काठावरच्या वाळू-मातीतच अंडी घालतात. आणि तीच वाळू आपण रात्री हायवा भरून नेतो.

'आपण' असं मुद्दाम म्हणतोय. माझं घर बांधलं तेव्हा वाळू कुठून आली, पावती आहे का, मी विचारलं नाही. स्वस्तात मिळाली म्हणून खूश होतो. आज त्याच घरात बसून पर्यावरणावर पोस्ट लिहितोय, हे मला कळतंय. म्हणून दुसऱ्या कुणाकडं बोट दाखवत नाही.

वाळू गेली की नुसतं कासव जात नाही. वाळू पाणी धरून ठेवते. ती उपसली की काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं आणि डोहात पोरं बुडतात. हे आपल्याला पुस्तकात वाचायची गरज नाही.

आपलं वेळास होईल, पर्यटक येतील, असं मी म्हणत नाही. पण घर बांधणाऱ्यानं पावती मागावी. जिथं जमेल तिथं कृत्रिम वाळू वापरावी. जाळ्यात कासव आलं तर सोडून द्यावं, घरी नेऊ नये; वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. आणि येत्या ग्रामसभेत, नदीकाठच्या गावांनी तरी, वाळूचा विषय लावून धरावा.

जनाबाईचं गाव आपलं. देवळातलं दगडाचं कासव काही कुठं जात नाही. नदीतलं राहिलं पाहिजे.

तुम्ही गंगेत शेवटचं कासव कधी आणि कुठं पाहिलं? खाली नक्की लिहा.