थंडावलेले हृदय

माघातल्या सकाळी कर्जतला उल्हास नदीवर धुके असते, तेव्हा आमच्या परसातल्या कुंपणावर एक सरडा मेल्यागत बसलेला दिसतो. हात जवळ नेला तरी तो जागचा हलत नाही. नऊच्या सुमारास ऊन कुंपणावर आले, की तोच मृतवत् प्राणी असा काही पसार होतो, की पाहणाऱ्याने खजील व्हावे! हा चमत्कार आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो; पण त्याचा अर्थ कळण्यास घरातले एक दुखणे कारण झाले.

लहानपणीच्या सांधेतापाने आमच्या पत्नीच्या हृदयाची एक झडप बिघडलेली होती. गेल्या माघात शस्त्रक्रिया ठरली. मुंबईच्या शल्यवैद्यांनी शांतपणे सांगितले, “हृदय थंड करून थांबवू, तोवर रक्त यंत्र फिरवील.” त्यांना हे रोजचेच, आमच्या पायांखालची जमीन मात्र सरकली. ज्याच्या थांबण्याला जग मरण म्हणते ते मुद्दाम थांबवायचे, आणि वर गारठवायचे!

खालापूरला राहणारे आमचे मेहुणे शरीरशास्त्राचे निवृत्त अध्यापक. धीर मागण्यास आम्ही त्यांच्याकडे गेलो. बहिणीच्या काळजीने तेही कोमेजलेलेच होते. पण शिकवू लागले, की त्यांचा आवाज स्थिर होई.

“दाजी, ही कथा चुन्याची आहे,” ते म्हणाले. १८८३ साली लंडनच्या सिडने रिंगर यांनी दाखवून दिले, की नळाच्या पाण्यात क्षार घालून केलेल्या द्रावणात बेडकाचे सुटे हृदय धडधडत राहते. तेच क्षार ऊर्ध्वपातित पाण्यात घातले, तर ते मंदावून थांबते. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. स्नायुपेशीच्या बाहेर ते आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. प्रत्येक ठोक्याला पेशीच्या आवरणातली सूक्ष्म दारे उघडतात, थोडे कॅल्शियम आत शिरते, आतल्या कोठारातले आणखी मोकळे करते, आणि स्नायू आवळतो. मग प्रथिनांचे पंप ते पुन्हा कोठारात आणि बाहेर टाकतात, आणि स्नायू सैलावतो.

दारे काय, पंप काय, सारे उष्णतेचे ताबेदार. तापमान दहा अंशांनी उतरले, की दारांतून येणारा प्रवाह साधारणपणे निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. परंतु दारे उघडण्यास जसा वेळ लावतात तसा मिटण्यासही लावतात, आणि पंपही सुस्तावतात. म्हणून बेताच्या थंडीत ठोके विरळ पडले, तरी एकेक ठोका जोमदार असू शकतो. थंडी फार वाढली, की मात्र मनुष्याच्या हृदयाचा ताल सुटतो.

“म्हणजे धोका आहेच ना?” आम्ही विचारले.

“आहे. म्हणूनच नुसत्या थंडीवर आज कोणी विसंबत नाही. पोटॅशियमच्या द्रावणाने हृदय सैल अवस्थेत थांबवतात. थंडी त्याची भूक कमी करते. १९५२ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे सबंध शरीर थंड करून, यंत्रावाचून, तिच्या हृदयातले छिद्र शिवले होते. खरी कसोटी ऊब परत देताना. रक्त आले, आणि पंप सावरण्याआधीच कॅल्शियमचा लोंढा आत शिरला, तर पेशी आवळून मरते.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णालयाच्या बाकावर आम्ही आणि मेहुणे न बोलता बसलो होतो. शास्त्र सगळे पाठ होते, आणि उपयोग कशाचाच नव्हता. डोळ्यांसमोर राहून राहून येई तो कुंपणावरचा सरडा. दुपारी शल्यवैद्य बाहेर आले. “ऊब देताच आपणहून सुरू झाले,” एवढेच म्हणाले. मेहुण्यांनी चष्मा काढून पुसला; तो पुसण्याजोगा मळला नव्हता.

आजवर आम्ही स्तब्धतेला मरण आणि धावपळीला जीवन मानीत आलो. आता वाटते, दार वेळेवर उघडणे आणि आत आलेल्याला वेळेवर निरोप देणे, या दोहोंच्या मेळालाच जीवन म्हणावे. थंडी तो मेळ केवळ संथ करते, आणि सांभाळून ऊब दिली, की तो पुन्हा जमतो.

यंदाच्या माघात शेजारचा मुलगा सरड्याला काठीने डिवचीत होता. शाल पांघरून ओटीवर बसलेली आमची पत्नी म्हणाली, “अरे, राहू दे त्याला. अजून ऊन यायचे आहे.”