बीट, बाबा आणि मी

ऑक्टोबरात प्रोजेक्ट बंद पडलं आणि मी बेंचवर आलो. घरी बोललो नाही. शनिवार-रविवार मात्र अचानक मोकळे मिळायला लागले. गावची शेती विकून पुण्यात आल्यापासून बाबा नुसते टीव्हीसमोर. म्हटलं, त्यांनाही काही उद्योग होईल. बीटाचं बी आणलं, गच्चीवर क्रेटमध्ये माती-शेणखत भरून टोचून टाकलं.

आठवड्याभरात कोंब आले. एकेका बीला दोन-दोन, तीन-तीन! मला वाटलं बग आहे. बाबा हसले. "अरे, बीटाचं एक बी म्हणजे बियांचा पुंजका. आता विरळणी कर." धडधाकट रोपं उपटायचं माझ्या जिवावर आलं. शेवटी त्यांनीच चार-चार बोटं अंतर ठेवून उपटली. "दाटीत एकही पोसत नाही," एवढंच म्हणाले. तेव्हापासून टीव्हीचा रिमोट आईला मिळायला लागला :)

डिसेंबरअखेर पहिली काढणी. पाल्याची लसूण घालून भाजी केली (बीट पालकाच्याच कुळातलं, चव लागते तशीच). कंद मात्र सालासकट, शेंडी न कापता कुकरला लावायचे, नाहीतर रंग सगळा पाण्यात. मग किसून दही, दाण्याचं कूट, वरून हिंग-जिरं-मिरचीची फोडणी. बाबा रोज दोनदा वाढून घ्यायचे.

चौथ्या दिवशी ते एकदम गप्प. जेवणही कमी. आईने खोदून विचारलं तेव्हा कळलं, दोन दिवस लघवी लाल होतेय. "पोराला कशाला घोर" म्हणून सांगितलंच नाही!

माझे तर हातपाय गार पडले. तडक डॉक्टरांकडे. त्यांचा पहिलाच प्रश्न, "बीट खाल्लंत का?" काही जणांच्या पोटात बीटाचा रंग पुरता मोडत नाही, तो तसाच बाहेर पडतो. तरी त्यांनी तपासणी करून घेतली. रक्त नव्हतं. "पण बीट न खाता असं झालं तर लगेच यायचं, लपवायचं नाही," असं बजावलं.

परतताना स्कूटरवर मी चिडलोच. "बाबा, सांगायचं ना!"

मागून शांतपणे उत्तर आलं, "तू तरी कुठे सांगतोस? दोन महिने बघतोय, तुला रात्रीचा एक फोन येत नाही ऑफिसचा."

काय बोलणार? घरी जाऊन चहा घेता घेता सगळं सांगून टाकलं.

असो. दुसऱ्या खेपेचं बी टोचून झालंय. यावेळी विरळणी मी करणार आहे.