दोन्ही तासांचा धातू

मराठीच्या तासाला 'जा', 'ये', 'कर' हे धातू असतात. घंटा होते, विज्ञानाच्या बाई येतात आणि लोखंड, तांबे, जस्त धातू होतात. आयुर्वेदाचे आणखी निराळेच : रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. संस्कृतात 'धातु' म्हणजे घटक, ज्यावर पुढचे रचायचे ते. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात क्रियेचे असे सुमारे 2000 घटक नोंदले आहेत. कुळ एकच, पण हे भाऊबंद एकमेकांच्या दारी जात नाहीत. वर्गात तर नाहीच नाही.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मात्र मला व्याकरण आठवते. ठोके पडत जातील तसे तांबे कडक होत जाते. तसेच दामटत राहिले तर चिरते, म्हणून मधूनमधून तापवून ते मऊ करून घ्यावे लागते. शेवटी मठारकाम. त्या ठोक्यांनी भांडे चकाकते आणि बळकटही होते.

क्रियापदांचे हेच आहे. 'कुरवाळ' कधीमधी तोंडात येणारा, म्हणून गुणी : कुरवाळला, कुरवाळली. 'कर', 'दे', 'घे' यांच्यावर दिवसभर ठोके. त्यांची जुनी वळणे अशी कडक झाली आहेत की नियम त्यांना वाकवू शकत नाही. केला, दिला, घेतला. लहान मूल बिचारे नियमाने 'मी करलं' म्हणते आणि आपण हसतो! 'जा' तर सरळ मिश्रधातू. 'जातो' आला संस्कृत 'या'पासून, 'गेला' आला 'गम्'पासून. पितळेत तांबे कुठे संपले नि जस्त कुठे लागले हे जसे दिसत नाही, तसा हा सांधाही बोलणाऱ्याला जाणवत नाही.

खंत आहे ती वेगळी. मराठी एकेकाळी नामांचे धातू सहज घडवी : हाताळणे, लाथाडणे, स्वीकारणे. आता भट्टी थंड. फोन कर, सेव्ह कर, डिलीट कर, सगळे ओझे एकट्या 'कर'च्या पाठीवर. हा निव्वळ आळस आहे. तेव्हा कोणी पोरगा 'गुगलून बघ' म्हणाला तर नाक मुरडू नका. त्याने धातू घडवला आहे. चार ठोके तुम्हीही घाला.