दारूचं दुकान सापडतं, मीटिंग सापडत नाही

दादाला विचारून लिहितेय. "लिही, फक्त गावाचं नाव टाकू नकोस," म्हणाला. म्हणून गाव सांगत नाही. तुमचंच समजा.

गेल्या वर्षी गटारी होऊन चार दिवस झाले होते. सकाळी दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सोडायची आहे गं. पण एकट्यानं जमत नाही." बावीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

त्याआधी आम्ही काय केलं नव्हतं? आईने शपथा घातल्या. वहिनी दोनदा माहेरी जाऊन आली. मामा म्हणाले, माळ घाल. (माळ घालून सुटलेले लोक आमच्या गावात आहेत, त्यांची चेष्टा मी करणार नाही.) एसटी स्टँडच्या भिंतीवर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात असते ना, त्या पुड्या मागवल्या. मीच मागवल्या. त्यात काय होतं, आजही माहीत नाही. चहातून द्यायचो. दादाला कळलं तेव्हा महिनाभर तो घरचा चहा प्यायला नाही. आणि बरोबरच होतं त्याचं.

आता तो स्वतःहून म्हणत होता, तर जायचं कुठे? एका दवाखान्यात सांगितलं, "असलं काही इथे नसतं." दुसरीकडे 'इच्छाशक्ती हवी' एवढाच सल्ला मिळाला. शेवटी ओळखीच्या एका शिक्षकांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा नंबर दिला. मी फोनवर सगळी कहाणी सुरू केली. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ताई, समजलं. आता फोन त्यांना द्या."

त्यांनी दादाला विचारलं, रोज किती घेता? हात थरथरतात का? कधी फिट आलीय का? मग म्हणाले, आधी डॉक्टर गाठा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. हे आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तर त्याला दोनदा खोलीत कोंडून ठेवलं होतं!

डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस गेले. मग जिल्ह्याच्या ठिकाणी पहिली मीटिंग. कागदावर लिहिलेलं: गुरुवार, संध्याकाळी सात, शाळेची खोली. एसटीने पोचलो तर शाळेला कुलूप. शिपाई म्हणाला, "ते लोक आता दुसरीकडे बसतात. कुठे, ठाऊक नाही." समोरच परमिट रूम, दिवे लागलेले. दादा तिकडे बघून म्हणाला, "हे बघ, हे उघडं आहे."

माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा फोन लावला. वीस मिनिटांत एक काका स्कूटरवरून आले, पायात घरातल्या चपला. "दोघं जमलो की झाली मीटिंग," म्हणाले आणि शाळेच्या पायरीवर बसले. मी लांब चहाच्या टपरीवर थांबले. तासाभराने पाहिलं, तर दादा रडत होता आणि काका नुसते ऐकत होते.

नंतर कळलं की ए.ए.ची सुरुवातच अशी झाली. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल विल्सन परक्या हॉटेलात एकटे होते, बार समोर होता. त्यांनी फोन फिरवत दुसरा पिणारा माणूस शोधला. ते डॉ. बॉब. दोघांच्या बोलण्यातून पुढे सगळं उभं राहिलं.

मीटिंगमध्ये कुणी कुणाला उपदेश करत नाही. फी नाही, आडनाव नाही. दारू सोडायची इच्छा हीच अट. प्रत्येकजण स्वतःचं सांगतो, बाकीचे ऐकतात. आयुष्यभराचं वचन मागत नाहीत, फक्त आजचा दिवस. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. वहिनी तिथे जाऊ लागली आणि दादाचे खिसे तपासायचं बंद झालं.

दादा मधे एकदा घसरला. दुसऱ्या दिवशी परत गेला. आज सात महिने झाले. पुढचं माहीत नाही.

आता मुद्दा. आपल्याकडे चर्चा होते ती बंदीची. चंद्रपुरात 2015 ला बंदी आली, 2021 ला उठवायचं ठरलं, दोन्ही वेळा केवढा वाद! पण पिणाऱ्याला ज्या दिवशी सोडावीशी वाटते, त्या दिवशी त्याने जायचं कुठे? हा प्रश्न बंदी असली तरी तोच, नसली तरी तोच. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे, पण प्रत्येकाला पुणे जवळ नाही. आणि ती इच्छा फार वेळ टिकत नाही हो. कधी एक संध्याकाळच टिकते.

ए.ए.वाले बाहेरची देणगी घेत नाहीत, सरकारी पैसाही नको त्यांना. हवी ती ठरल्या वारी उघडी मिळणारी खोली, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात, एसटी स्टँडवर एक पाटी: वार, वेळ, जागा. ग्रामसभेत एवढं तरी मागूया.

तोवर हे लक्षात ठेवा: व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मोफत नंबर 14446. मीटिंगला निघण्याआधी फोन करून जागा पक्की करा. आणि कुलूप दिसलं तर परत फिरू नका, पुन्हा फोन लावा.

पोस्ट शेअर नाही केली तरी चालेल. नंबर मात्र लिहून ठेवा. कुणाच्या घरी कधी लागेल, सांगता येत नाही.