गुच्छातली लिली आणि घरातले मांजर

लिली घरी येते ती बहुधा कळी असतानाच, वाढदिवसाच्या नाहीतर गृहप्रवेशाच्या गुच्छातून. दोन-तीन दिवसांत ती उमलते, खोलीभर वास भरतो आणि पाकळ्यांमधून सहा पुंकेसर बाहेर येतात. त्यांच्या टोकांना तपकिरी-केशरी परागांची भुकटी असते. बोट लागले तरी डाग पडतो आणि धुऊनही सहजी जात नाही. शेजारून गेलेल्या मांजराच्या अंगावर हीच भुकटी बसते. मांजर मुळातच टापटिपीचे. लगेच अंग चाटून साफ करायला बसते, आणि विष पोटात जाते. पानाला तोंड लावायचीही गरज पडत नाही.

एशियाटिक, ओरिएंटल, ईस्टर या खऱ्या लिली आणि त्यांच्यासारखीच दिसणारी डे लिली मांजराची मूत्रपिंडे निकामी करतात. पान, देठ, पाकळी, पराग, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा विषारी. त्यामुळे पुंकेसर खुडून टाकले म्हणजे भागले असे नाही. कुत्र्याने तीच पाकळी खाल्ली तर फार तर त्याचे पोट बिघडते. मांजर मात्र काही तासांत ओकते, लाळ गाळते, खाणे टाकते. मग उलट्या थांबतात, घरच्यांना हायसे वाटते. आणि याच काळात, एक ते तीन दिवसांत, मूत्रपिंडे बंद पडत जातात. म्हणून नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा, फुलाचा फोटो सोबत न्यावा. पहिल्या १८ तासांत सलाईन सुरू झाले तर वाचण्याची आशा बरीच असते. मिठाचे पाणी पाजून ओकवणे हा उपाय नव्हे, ते वेगळेच संकट.

नर्सरीत लिली म्हणून बरेच काही खपते. पीस लिलीने मूत्रपिंडे जात नाहीत, तोंडाची आग होते. मनी प्लांटचेही तेच.

अंगणातली विषारी झाडे मराठी घरांना नवी नाहीत. कण्हेर आणि बिट्टी हृदयाची लय बिघडवतात, पानफुटीही त्याच जातकुळीची. गौरीच्या पूजेत मान असलेल्या कळलावीत कोल्चिसिन नावाचे विष असते. पण वाड्यातल्या मांजराला चघळायला परसातले गवत होते. दहाव्या मजल्यावर कोंडलेल्या मांजराला हिरवे म्हणून मिळतात त्या बाल्कनीतल्या कुंड्या, नाहीतर टेबलावरचा गुच्छ. फुलदाणी कपाटावर ठेवून उपयोग नाही. कपाट ही मांजराची आवडती जागा.

मांजर असलेल्या घरी गुच्छ न्यायचा तर गुलाब, जरबेरा किंवा ऑर्किडचा न्यावा. कुंडीत जास्वंद, मोगरा निर्धास्त लावावेत. आणि घटाच्या परडीत पेरतात तसे मूठभर गहू एका पसरट कुंडीत पेरावेत. आठवड्याभरात मांजराला हक्काचे गवत मिळते.